एक दार सोडून

न्यागेसाच्या डोंगरसोंडेवर कोणी बाळंत झालं की तिसऱ्या दिवशी सकाळी बितुतुचं मडकं त्या घरी पोचायचं. त्यात नातंगोतं बघितलं जात नसे की भांडणतंटा. मास्तरांच्या बायकोला मडकं पोचलं, नदीपलीकडच्या कुळातून पळवून आणलेल्या पोरीला पोचलं, आणि जिने बितुतुच्या केळीचे घड भरदिवसा उतरवून नेले होते त्या गेसारेच्या तिन्ही सुनांनाही पोचलं. मडक्याच्या तोंडावर केळीचं पान बांधलेलं असायचं आणि पानाखाली दुधात मुरलेला चिन्सागा. एक दार तेवढं सोडून. ते दार बितुतुच्या अंगणातून दिसायचं. ते तिच्या सवतीचं, मोकेराचं दार.

एकतीस वर्षांत मोकेराच्या घरी लेकीसुनांची नऊ बाळंतपणं झाली. बितुतु एकदाही कुंपण ओलांडून गेली नाही. नाही म्हणायची वेळ तिच्यावर कधी आली नाही, कारण तिकडून कोणी मागायला आलं नाही. मागायचं तर का मिळत नाही हे आधी कबूल करावं लागलं असतं. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, बितुतु मडकं नेते गेसारेकडे, पण ते फुटतं मोकेराच्या उंबऱ्यावर. हे बितुतुच्या कानावर आलं तेव्हा तिला राग आला नाही. चला, आवाज पोचतो आहे म्हणायचा, असं तिला वाटलं.

चिन्सागा म्हणजे तिळवण. पाच बोटांचं पान, चिकट देठ, आणि खुडल्यावर दोन दिवस बोटांना राहणारा उग्र वास. तो कोणी पेरत नाही. जिथे गुरं बसली, जिथे शेण वर्षानुवर्षं मुरलं, तिथे तो आपणहून उगवतो आणि जिच्या घराची ती जागा तिच्या घराचा होतो. कान ठणकला तर त्याचा रस, डोकं धरलं तर त्याचा पाला, आणि बाळंतिणीला तर त्याच्याशिवाय दुसरं काही सुचवायचंच नाही. बितुतुच्या अंगणात तो नव्हता. तिने दुसऱ्यांच्या पडक्या गोठणांवरून टोपल्या टोपल्या माती डोक्यावर आणली होती. कोरड्या महिन्यांत भांडी धुतलेलं पाणी ती त्यालाच घालायची, आणि रोज सकाळी कळ्या खुडायची. कळी राहिली की झाड पानांचं विसरतं आणि बियांच्या मागे लागतं. तिने एकतीस वर्षं त्याला म्हातारं होऊ दिलं नव्हतं.

ती लग्न होऊन आली तेव्हा सोंडेवर पत्र्याचं छप्पर एकच होतं, शाळेचं. बाकी सगळी गवती छपरं. पहाटे त्यांतून धूर असा झिरपायचा की जणू डोंगरच नुकता उठून श्वास सोडतो आहे. चहाचे मळे तेव्हा आले नव्हते. उतारभर नाचणी असायची, आणि नाचणी कापायला गाणी म्हणत तीस-तीस बायका उतरायच्या. मोकेराचा आवाज सगळ्यांच्या वर लागायचा. ती ओन्यांचाची थोरली बायको, रुंद मनगटांची, खदखदून हसणारी. पहिली दोन वर्षं दोघी एकाच पाट्यावर नाचणी वाटायला बसल्या. कुठल्या झऱ्याचं पाणी गोड, नवऱ्याच्या कुठल्या रागाकडे लक्ष द्यायचं नाही, हे सगळं बितुतुला मोकेराने शिकवलं. ते दिवस खोटे होते असं बितुतुने पुढेही कधी म्हटलं नाही.

मग ओन्यांचाने एक गाय इकडची तिकडे केली. मोकेराने वासरापासून वाढवलेली तांबडी गाय. ती त्याने धाकटीच्या घराला दिली. त्या मुलखात एका घराची गाय दुसऱ्या घराच्या दावणीला बांधणं म्हणजे भरल्या ताटातला घास उचलण्यासारखं. बितुतु तेव्हा पोटुशी होती, दूध पाहून हरखली, आणि गाय कोणाची हे विचारायचं तिने टाळलं. हेही तिला पुढे कबूल होतं. फक्त स्वतःशी.

त्याच वर्षीच्या कोरड्या महिन्यात ती बाळंत झाली. मुलगी. सासू आधीच गेलेली, तेव्हा भाजीचं मडकं आणायचं काम थोरल्या सवतीचं. जुनं गोठण मोकेराच्या बाजूला होतं. तिसऱ्या दिवशी मोकेरा उंबऱ्यात येऊन उभी राहिली ती रिकाम्या हातांनी. म्हणाली, चिन्साग्याने सगळ्याने बी धरलंय गं, पानं कातडी झालीत, गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. आणि नाचणीचा गोळा नि थोडा भोपळ्याचा पाला ठेवून गेली.

नवव्या दिवशी बितुतु पहिल्यांदा घराबाहेर आली. जुन्या गोठणात मोकेराचं वासरू बांधलेलं होतं. चिन्सागा त्याच्या पोटाला लागत होता, कोवळा, लुसलुशीत, आणि वासराच्या तोंडाला हिरवा फेस होता.

तिला दूध आलंच नाही म्हणायचं. एकोणिसाव्या दिवशी मुलगी गेली.

बितुतु काही मूर्ख नव्हती. त्या वर्षी ज्यांच्या घरी मडकी काठोकाठ भरलेली होती त्यांचीही तान्ही गेली होती. भाजीने पोर वाचलं असतं की नाही हे देवाला ठाऊक. वासरू कोणी बांधलं ते तिला ठाऊक होतं. ओन्यांचा म्हणाला, तान्ह्यासाठी फार रडू नये, नाव घेऊ नये, गेलेलं पुढच्या पोराची वाट अडवून बसतं. तिने नाव घेतलं नाही. पुढे दोन मुलगे झाले, मोठे झाले, चहाच्या कारखान्यात लागले. ओन्यांचा म्हातारा होऊन मेला. मुलगी मात्र पुन्हा झाली नाही.

एकतीस वर्षांनी पुन्हा तसाच कोरडा महिना होता. ओढ्याचे दगड उघडे पडले होते, बाजारात पालेभाजीच्या जागी बायका राख विकायला बसतील की काय अशी गत. मोकेराचं शेंडेफळ ओंबासो, त्याची बायको क्वांबोका पहिलटकरीण. मुलगी झाली, पण रक्त फार गेलं. दवाखान्याने आठ दिवस ठेवून घेतलं आणि गोळ्या देऊन घरी पाठवलं. क्वांबोका राखेसारखी पांढरी पडली होती. खाल्लेलं पोटात ठरत नव्हतं, छातीला दूध नव्हतं. दुधाच्या पावडरीचा डबा आणला तो बाळाला पचेना. बाळाचं रडणं कुंपणाच्या अलीकडे ऐकू यायचं, मांजराच्या पिलासारखं बारीक. बितुतु ते ऐकत कळ्या खुडायची.

पहिल्या दिवशी ओंबासो आला. शहरी बूट घातलेला बाप्या, पण कुंपणापाशी पोरासारखा घुटमळत उभा. बितुतुने त्याला स्टूल दिलं, चहा दिला, आणि सांगितलं की ही बायकांची गोष्ट आहे, आईला पाठव. दुसऱ्या दिवशी गेसारे आली. ते पोर तुझ्याच नवऱ्याचं नातवंड आहे, असं तिने बजावलं. माझी गेली ती त्याची लेक होती, असं बितुतुने तिला सांगितलं. जाताना बितुतुने तिच्यापाशी निरोप दिला: येईल तर भर दुपारी येऊ दे. पाणवठ्यावरून बायका परततात तेव्हा.

मोकेरा भर दुपारी आली. हातात रिकामं मडकं. मनगटं अजून रुंद होती, पण त्यावरची कातडी सैल झाली होती. वाटेवर डोक्यावरचे हंडे तसेच ठेवून सहा-सात बायका थबकल्या.

"धाकटे, भाजी दे."

"कसली भाजी, थोरले?"

"तुला ठाऊक आहे कसली."

"सगळ्याने बी धरलंय गं," बितुतु म्हणाली. "पानं कातडी झालीत."

तिच्या पाठीमागे चिन्सागा कमरेएवढा उभा होता, ओला, एकही कळी नसलेला. मोकेराने त्याच्याकडे पाहिलं आणि नाकातून हसली.

"एकतीस वर्षं हे जिभेखाली धरून बसलीस? दात नाही किडले?"

"किडले ना. निम्मे पडले."

वाटेवरची एक बाई हसली. मोकेराने मडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. मग बायकांकडे वळून, बाजारात भाव सांगावा तसं ती मोठ्याने म्हणाली, "ऐका गं. तेव्हा भाजी होती. वासरू मी बांधलं. माझ्या घरची गाय हिच्या दावणीला, आणि वर भाजी पण मीच खुडून द्यायची होय? नाही दिली. झालं? आता दे."

हेच ऐकण्यासाठी बितुतु जगली होती. पाट्यावर, शेतात, त्यांच्या पंथाच्या प्रार्थनेच्या दिवशी, शनिवारी, चर्चमध्ये डोळे मिटून बसलेली असताना तिने मोकेराला हे कितीदा तरी म्हणायला लावलं होतं. प्रत्येक वेळी तिच्या मनातली मोकेरा रडायची. ही रडली नाही. दोन-चार वाक्यांत तिने मोळी उतरवावी तसं ते टाकलं आणि हात झटकले. इतकं स्वस्त. मग जे मागायचं बितुतुने कधी ठरवलं नव्हतं ते तिच्या तोंडून आलं.

"पोरीचं नाव मी ठेवणार."

मोकेराचे खांदे सैल झाले. "एवढंच? ठेव की. तुझ्या आईचं ठेव. बाई चांगली होती."

"न्यान्चेरा."

काहींना ते कोणाचं नाव हेच कळलं नाही. म्हाताऱ्यांना कळलं. बितुतु ओढ्यावरून येताना वाटेतच बाळंत झाली होती, म्हणून मुलीचं नाव न्यान्चेरा, वाटेवरची. ते नाव एकोणीस दिवस चाललं होतं. गेसारे पुढे येऊन म्हणाली की असं करत नाहीत. नाव द्यायचं ते जगून, म्हातारं होऊन गेलेल्यांचं, तान्हं गेलेल्याचं नाव जिवंताला चिकटवणं बरं नव्हे. मोकेराच्या तोंडावरचा रंग पहिल्यांदा उतरला.

"धाकटे, शाप द्यायचा तर मला दे. पोराला कशाला?"

"तुलाच देते आहे. कोंबड्या हाकायला तिला कोण बोलावणार? पाणी आणायला, जेवायला, उन्हातून घरात ये म्हणायला? तू. रोज दहा वेळा. मरेपर्यंत. ते नाव तू वासराला चारलंस. आता ते तुझ्या तोंडून बाहेर येऊ दे."

कुंपणापलीकडे बाळ रडत होतं, आणि मग ते रडायचंही थांबलं. मोकेराने तिकडे मान वळवली. मग तिने मडकं बितुतुच्या पायाशी ठेवलं.

"खूड," ती म्हणाली.

बितुतुने त्या भाजीत काही कसूर ठेवली नाही. भाजीशी तिचं वैर नव्हतं. शेंडे निवडले, उकळून कडू पाणी ओतून दिलं, दूध घातलं, मंद जाळावर आटवलं, रात्रभर मडक्यात मुरू दिलं, सकाळी पुन्हा दूध, पुन्हा जाळ. तिसऱ्या दिवशी केळीचं पान बांधून ती स्वतः कुंपण ओलांडून गेली. मोकेरा अंगणात होती, तिच्यासमोरूनच आत गेली. क्वांबोकाने पहिला घास भीतभीत घेतला आणि मग मडकंच मांडीत ओढलं. आमच्या आईकडे असाच करतात, ती म्हणाली, आणि रडू लागली. पाचव्या दिवशी तिला दूध आलं. भाजीने आलं की गोळ्यांनी, यावर गेसारे आणि नर्सबाईंचा वाद बरेच दिवस चालला. नाव क्वांबोकाला आवडलं. तिला मागचं काही ठाऊक नव्हतं, आणि सांगायला कोणी गेलं नाही.

बितुतु वाट पाहू लागली. पोर रांगू लागलं, चालू लागलं. आणि एके दिवशी तिच्या लक्षात आलं की आपण फसलो.

नातीला आजीने थट्टेने सवत म्हणायचं, ही त्या मुलखातली जुनी रीत. नवरा एकच, आणि तू आलीस वाटेकरीण, असं म्हणून आज्या नातींचे गालगुच्चे घेतात. सगळ्याच घेतात. बितुतुला हे ठाऊक नव्हतं थोडंच? पण सुडाच्या भरात हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. मोकेरा दारात उभी राहून गोड आवाजात हाक मारायची, "ए सवते, ये गं, दूध निवलं." चार वर्षांत न्यान्चेरा हे नाव तिच्या तोंडून एकदाही आलं नाही. आणि वर कोणी नाव विचारलं तर म्हणायची, माझ्या धाकटीने ठेवलंय, तिलाच विचारा. पाणवठ्यावर हसून हसून बायकांचे हंडे सांडले. गेसारे तर म्हणाली, "बितुतु, एक सवत पुरली नाही म्हणून तू तिला दुसरी दिलीस."

बितुतु हसली नाही. पण तिने काही केलंही नाही, कारण काय करावं ते तिला सुचलं नाही. मग पोरगीच आली. चिन्साग्याच्या कळ्या खुडण्यात पोरांना काय मौज वाटते कोण जाणे, बोटांना चिकटतात म्हणून असेल. न्यान्चेरा सकाळी उठली की कुंपणाखालून सरपटत यायची आणि बितुतुच्या शेजारी बसून टिचटिच कळ्या तोडायची. फार बोलायची. कुठल्या कोंबडीने अंडं घातलं, बाबांच्या बुटात बेडूक होता, आजीला आता धुरासारखं दिसतं. हे शेवटचं बितुतुने नीट ऐकून घेतलं.

मोकेराच्या डोळ्यांत फूल पडत होतं. पायऱ्या दिसत नव्हत्या. शनिवारी चर्चला जायचं तर कोणाचा तरी हात लागायचा, आणि ओंबासो-क्वांबोका पहाटेच कामाला जायची. हात होता तो पोरीचाच.

बितुतुने तिला काही वाईट शिकवलं नाही. एवढंच सांगितलं की तुझं नाव फार चांगलं आहे. आणि सवत या घरात एकच, ती मी. तुला सवत म्हणतात तेव्हा ते मला म्हणतात. तुला कोणी बोलावलं तर नावाने बोलावील. नाव घेतलं नाही तर तुला नाही. पाच वर्षांच्या पोरीला हा खेळ फार आवडला. तिने आईवर करून पाहिला, बापावर करून पाहिला. ती दोघं नावानेच हाक मारत, तेव्हा तिथे काही गंमत नव्हती. आजीवर मात्र तो लागू पडला.

त्या शनिवारी ऊन चांगलं वर आलं होतं. खालून चर्चच्या गाण्याचा आवाज यायला लागला होता. मोकेरा पांढरा रुमाल डोक्याला बांधून उंबऱ्यात उभी होती, एक हात चौकटीवर. पोरगी चिन्साग्याच्या ओळीत बितुतुच्या गुडघ्याला टेकून बसलेली.

"ए सवते, चल गं."

पोरीने ओठ घट्ट मिटले आणि बितुतुकडे पाहून डोळे मिचकावले. बितुतु कळ्या खुडत राहिली.

"सवते, उशीर होतोय."

मोकेराने एक पाय खाली टाकून पाहिला, पायरी सापडली नाही, पाय परत घेतला. ती कुंपणाकडे तोंड करून उभी राहिली. तिला इतक्या लांबचं दिसत नव्हतं. पण पोरगी कुठे आहे आणि कोणाजवळ आहे हे तिला कळलं होतं, हे तिच्या जबड्यावरून बितुतुला दिसलं. खालचं एक गाणं संपून दुसरं सुरू झालं. ती घरात परत जाईल असं बितुतुला एकदा वाटलं, आणि आपल्याला भीती वाटते आहे हेही तिला तेव्हाच समजलं.

"न्यान्चेरा."

आवाज मोठा नव्हता. पायातला काटा काढताना येतो तसा. मग घसा साफ करून, नाचणी कापताना लागायचा तसा वरचा, रुंद आवाज लावून मोकेराने घरातल्या पोरीला घरात बोलावतात तशी हाक मारली, "न्यान्चेरा, ये गं घरी."

बितुतुचा हात कळीवर थांबला. या वेळी आपण हसू, मोठ्याने, सगळ्या सोंडेला ऐकू जाईल असं, हे तिने ठरवून ठेवलं होतं. हसू आलं नाही. छत्तीस वर्षांपूर्वी तिने ते नाव गार पडत चाललेल्या एका कानात म्हटलं होतं. त्यानंतर तिच्या मुलीला कोणी घरी बोलावलं नव्हतं. तिचे दोन्ही गुडघे आपोआप उठायला बघत होते, जणू आपण उठून तिला आत नेऊन सोडायचं आहे.

शेजारची पोरगी हात झटकून उभी राहिली. ती जिंकली होती, तिला आता पळायचं होतं.

बितुतुने तिच्या झग्याचं टोक धरलं.

"थांब," ती हळूच म्हणाली. "अजून एकदा हाक मारू दे."